दोरी आणि गच्चीची किल्ली

(कल्याण येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, दोरीच्या उड्या. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "तुम्ही आयटीत आहात ना, एआय आणि नोकऱ्या यावर बोला की." त्यावर बोलायला पुष्कळ लोक आहेत. एआय कोणाची नोकरी खाईल ते मला खात्रीने सांगता येणार नाही. साखर आपल्या घरांना खाते आहे, ते मात्र मी रोज पाहतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात अम्मी-अब्बा, चाचा, मामू, खाला, कोणालाही मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी जरा हात वर करा.

बघा. खाली राहिलेले हात मोजणं जास्त सोपं आहे.

आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यात पुरेशी हालचाल न करणारे भारतीय प्रौढ जवळजवळ निम्मे निघाले. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. हा ४२ आणि ५७ मधला फरक लक्षात ठेवा. मी फिरून त्याच्याकडे येणार आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे उपदेश करतोय असं वाटणार नाही.

मी कल्याणला राहतो आणि ऐरोलीला काम करतो. कल्याण ते ठाणे, ठाण्याला जिना चढून ट्रान्स-हार्बर, मग ऐरोली. मधे आता दिघा गावही लागतं. ठाण्यापर्यंत एका पायावर उभं राहणं, दारातल्या गर्दीला खांदा लावणं, पुलावर धावणं, हे सगळं मी अनेक वर्षं व्यायामाच्या खात्यात जमा करत होतो. रात्री अंग इतकं दुखायचं की वाटायचं, झाला की व्यायाम. तो थकवा होता. हृदयाला आणि स्नायूंना जे काम लागतं ते त्यात फार थोडं होतं. उरलेले नऊ तास मी खुर्चीत असायचो.

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ऑफिसात तपासणी शिबिर झालं. रक्तदाब १४२ वर ९४. कंबर ९८ सेंटिमीटर. आपल्या दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० धरतात आणि बायकांसाठी ८०, कारण आपली चरबी पोटावर आधी जमते आणि तिथेच ती जास्त त्रास देते. पुन्हा मोजल्यावरही आकडे तसेच आले. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा, वजन उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं अंगात दम लागेल असं काहीतरी करा.

दीडशे मिनिटं. मी इंजिनीअर माणूस, लगेच हिशेब मांडला. काळ्या तलावाला चकरा मारायच्या तर सकाळी पाचला उठायला हवं. जमलं, नऊ दिवस. जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि अकरा वेळा गेलो. त्यात जिमचा काही दोष नाही. एकदा कर्जतला पाणी तुंबलं, एकदा ऑफिसात रिलीज होतं, एकदा भाचीचा अकीका होता. ज्या व्यायामाला जायला वेगळा वेळ, वेगळे कपडे आणि वेगळा रस्ता लागतो, तो आपल्या आयुष्यात पहिल्या आठवड्यातच गळून पडतो. निदान माझ्या आयुष्यात पडला.

मग आपाची आठवण झाली.

माझी बहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही लहानपणी चाळीत राहायचो. चाळीच्या अंगणात दोरीच्या उड्या मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुतळीची जाड दोरी, टोकाला गाठी. शंभर, सव्वाशे, दीडशे, आम्ही मोजून थकायचो. मला दोरी तिनेच शिकवली. मी आडून-पडून तीसपर्यंत पोचायचो आणि मित्रांनी पाहिलं की दोरी टाकून पळायचो, कारण तो मुलींचा खेळ होता ना.

तर मी बाजारातून दीडशे रुपयांची दोरी आणली. नेटवर वाचलं होतं की दहा मिनिटं दोरी म्हणजे तीस मिनिटं धावणं. ही ओळ तुम्हालाही व्हॉट्सअॅपवर आली असेल. तिच्या मुळाशी १९६८ सालचा एक अभ्यास आहे. जॉन बेकर नावाच्या संशोधकाने अमेरिकेत कॉलेजच्या मुलांचे दोन गट केले. एक गट रोज दहा मिनिटं दोरी खेळायचा, दुसरा रोज तीस मिनिटं जॉगिंग करायचा. सहा आठवड्यांनी पायरी चढ-उताराची चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गटांची तब्येत जवळपास सारखी सुधारली होती. अभ्यास खरा आहे. पण मुलं तरुण, सगळे पुरुष, आणि चाचणी एकच. त्यातून "माझ्या पस्तिशीच्या, नव्वद किलोच्या शरीराला दहा मिनिटांत सगळं मिळेल" असं काही निघत नाही.

मी मात्र तेच काढलं. पहिल्याच दिवशी, हॉलमधल्या फरशीवर, अनवाणी, तीनशे उड्या. अडत, थांबत, पण तीनशे. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर टाकलं म्हणा ना. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या दगड झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा केलं, कारण हिंदी सिनेमात हिरो तसंच करतो. आठवड्याच्या शेवटी दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूने अशी कळ यायला लागली की सज्द्यातून उठताना दात आवळायचो. तीन आठवडे सगळं बंद. आणि पहिल्याच रात्री खालच्या मजल्यावरच्या खालांनी छताला काठी ठोकली होती, ते वेगळंच.

आज मी जे सांगणार आहे ते या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या दोन वर्षांत शिकलेलं आहे.

दोरी इतकी जड का जाते, ते आधी समजून घेऊ. व्यायामाची तीव्रता मोजायला मेट नावाचं एक माप आहे. शांत बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तो एक मेट. झपाझप चालणं साधारण चार मेट. मिनिटाला शंभर-सव्वाशे उड्यांच्या वेगाने दोरी म्हणजे बारा मेटच्या आसपास. म्हणजे चालण्याच्या तिप्पट. सावकाश उड्या मारल्या तरी आठ-नऊच्या खाली जात नाही. चालताना तुम्ही वेग हवा तितका कमी करू शकता. दोरीत तसं होत नाही, दोरी फिरायची तर ठरावीक वेग हवाच. म्हणून नवशिक्याचं हृदय पहिल्या मिनिटातच वरच्या गिअरमध्ये जातं आणि त्याला वाटतं, माझा स्टॅमिना संपला, मला हे जमणार नाही. स्टॅमिना संपलेला नसतो. त्याने सुरुवातच चौथ्या गिअरमध्ये केलेली असते.

याची दुसरी बाजू फायद्याची. दीडशे मिनिटांचा जो आकडा आहे तो मध्यम व्यायामाचा, चालण्यासारख्या. जोरकस व्यायाम असेल तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ७५ मिनिटंही पुरे म्हणते. आणि यातला प्रत्येक छोटा तुकडा मोजला जातो, सलग करावं लागत नाही. ज्याचे रोज तीन-तीन तास लोकलमध्ये जातात त्याला ही सवलत मोठी आहे.

वजन उतरवण्याचं स्वप्न असेल तर आधीच सांगतो. सत्तर किलोच्या माणसाने दहा मिनिटं चांगल्या वेगात दोरी मारली तर १४० कॅलरीच्या आसपास जळतात. एका वडापावची निम्मीही वसुली होत नाही, दावतीतल्या बिर्याणीचं तर नावच काढू नका. दोरी हृदयासाठी, दमासाठी, रक्तातल्या साखरेसाठी. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही आत ओढू शकतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पोट कमी करायचं तर दस्तरखानावरच बोलावं लागेल, आणि तो विषय मी आज टाळणार आहे, कारण पुढे जेवण आहे.

आता दोरी कशी घ्यायची. दुकानदार तुम्हाला बारीक तारेची, बेअरिंगवाली, मोजणीचं मीटर असलेली दोरी दाखवेल. ती नको. ती इतकी हलकी असते की कुठे आहे ते हाताला कळत नाही, आणि पायावर बसली की चाबकासारखी लागते. सुरुवातीला साधी, थोडी जाड प्लास्टिकची किंवा मण्यांची दोरी घ्या. जाड दोरीचं वजन हाताला जाणवतं, जमिनीला टेकल्याचा आवाज येतो, त्या आवाजावर लय बसते. लांबी मोजायला दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून उभे राहा आणि मुठी वर ओढा. त्या काखेपर्यंत आल्या पाहिजेत. जास्त आल्या तर मुठीतून काढून गाठ मारा. पुढे सराव झाला की दोरी आणखी थोडी आखूड करता येते.

आता खालच्या खालांची गोष्ट. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, माफी मागितली आणि विचारलं की नेमका आवाज कधी येतो. त्या म्हणाल्या, "बेटा, तू उतरतोस तेव्हा घरात पोतं पडल्यासारखं वाटतं." मला वाटलं, माझ्या वजनावर टोमणा आहे. नंतर कळलं की त्यांनी माझी चूक बरोबर पकडली होती. मी अर्धा फूट वर उडत होतो आणि टाचांवर उतरत होतो. दोरी किती जाड असते? अर्धा-पाऊण सेंटिमीटर. मग अर्धा फूट उडायचं कशाला? पाय जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटले की पुष्कळ झालं. चवड्यावर उडायचं, चवड्यावरच उतरायचं, टाच जमिनीला हलकी शिवली तर शिवू दे. गुडघे कडक नकोत, किंचित सैल. कोपरं बरगड्यांशी, आणि दोरी फिरते मनगटातून, खांद्यातून नाही. नवखा माणूस पंखा फिरवावा तसे आख्खे हात फिरवतो आणि दोन मिनिटांत खांदे भरून येतात. नजर समोर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. पायाकडे पाहिलं की पाय अडकतोच.

उतरण्याचा आवाज येत असेल तर काहीतरी चुकतंय. यापेक्षा चांगला कोच मला मिळालेला नाही. खाला आता झोपेत असल्या तरी मी खुशाल उडतो, त्यांना कळत नाही. अर्थात वेळही ठरवून घेतली आहे, सकाळी सात ते सव्वासात. आणि फरशीवर थेट नाही. प्लायवूडचा एक तुकडा आणि त्यावर रबरी मॅट. सतरंजीची घडी घालू नका, ती सरकते. पायात बूट हवेत, चवड्याखाली थोडी गादी असलेले. घरात पंखा किती खाली आहे ते आधी बघा, हे मी का सांगतोय ते विचारू नका.

सुरुवात कशी करायची, याचं माझं उत्तर ऐकून तुम्ही निराश व्हाल. पहिला आठवडा दोरीच नाही. चवड्यांवर उभं राहायचं आणि हळूहळू खाली यायचं, पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. भिंतीला हात टेकून केलं तरी चालेल. पोटरी आणि टाचेमागची जाड शीर यांना कामाची सवय होते. मग दोरी नसताना, हातात दोरी आहे असं समजून छोट्या उड्या, वीस सेकंद. एवढंच. हृदयाचा दम दोन-तीन आठवड्यांत वाढू लागतो. शिरा, हाडं आणि नडग्या मात्र महिने घेतात. आपलं सगळं दुखणं या दोन वेगांच्या फरकातून येतं. दम म्हणतो आणखी कर, नडगी अजून तयार नसते. माझ्या वेळी मी दमाचं ऐकलं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून दोरी. वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद जागच्या जागी चालणं. असं दहा वेळा. घड्याळ दहा मिनिटं दाखवेल, पण प्रत्यक्ष उड्या साडेतीन मिनिटांच्याही कमी झालेल्या असतील. तेवढंच हवं आहे. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. दोरी अडकली तर त्या वीस सेकंदांत पुन्हा सुरू करा, अडकणं हा व्यायामाचाच भाग आहे. दोन आठवडे असं निभलं आणि काही दुखलं नाही तर पंचवीस-पस्तीस, मग तीस-तीस. दोन महिन्यांनी चाळीस सेकंद उड्या आणि वीस सेकंद आराम इथपर्यंत बहुतेक जण पोचतात. नाही पोचलात तरी काही बिघडत नाही. माझ्या एका सहकाऱ्याला तीस-तीसला सहा महिने लागले. त्याचा रक्तदाब मात्र माझ्याआधी जागेवर आला, त्यामुळे मी त्याच्याशी फार बोलत नाही.

किती जोर लावायचा याची खूण सोपी आहे. आरामाच्या वेळात एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "अम्मी, चहा टाक" एवढंही धापा टाकल्याशिवाय निघत नसेल तर पुढची फेरी सोडा.

पुढचं जरा गंभीरपणे ऐका. छातीत दुखणं, चालताना धाप, चक्कर, आवाक्यात नसलेला रक्तदाब, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. वजन बरंच जास्त असेल किंवा गुडघा आधीच कुरकुरत असेल तर काही महिने चालणं आणि जिना, मग दोरी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि गोड काहीतरी जवळ ठेवा. साखर जुनी असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा बूट काढल्यावर पाय रोज बघा. नडगीच्या हाडावर बोट दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर दोरी बंद आणि तपासणी. आणि मुलींनो, बायकांनो, हे सहसा कोणी माईकवर बोलत नाही म्हणून मी बोलतो. बाळंतपणानंतर उडी मारताना लघवीचे थेंब जाणं ही खूप बायकांची तक्रार असते. त्यात लाज नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात, त्याने फरक पडतो. तोवर दोरी थांबवा. पण "आता माझ्याकडून काही होणार नाही" असं ठरवून टाकू नका.

रमजानबद्दल प्रश्न येणारच. मी स्वतः रोजा असताना दुपारी दोरीला हात लावत नाही. पाणी प्यायचं नसताना घाम गाळण्यात शहाणपण नाही. इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, किंवा तरावीहनंतर, दहाऐवजी पाच फेऱ्या. महिनाभर टिकवून ठेवायचं, वाढवायचं नाही. ईदनंतर आठवडाभर मागे येऊन सुरू करायचं. शीरखुर्म्याचा हिशेब कोणी मागितलेला नाही.

आता ४२ आणि ५७ कडे येतो.

माझ्या आपाची दोरी ती अकरा वर्षांची असताना गेली. कोणी ओरडलं नाही, मारलं नाही. एक दिवस घरात ठरलं की आता ती मोठी झाली, अंगणात उड्या मारणं बरं दिसत नाही. दोरी माळ्यावर गेली आणि नंतर तिच्यानेच पाण्याचा पिंप बांधला. मला कोणी काही म्हटलं नाही. मी बाराव्या, पंधराव्या, अठराव्या वर्षीही अंगणात क्रिकेट खेळत होतो. हे फक्त आपल्यातच होतं असं समजू नका. ऑफिसातल्या डोंबिवलीच्या, ठाण्याच्या मुलींना विचारा, कपडे आणि सण वेगळे असतात, वय साधारण तेच निघतं. पण आपल्या घरात काय झालं त्याचा हिशेब आपणच मांडायचा आहे.

लग्न होऊन ती मुंब्र्याला गेली. दोन मुलं झाली. अडतिसाव्या वर्षी तिचं तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं प्रमाण ७.८ आलं. साडेसहाच्या वर मधुमेह म्हणतात. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. सल्ला बरोबर आहे. पण मुंब्रा-कौसा ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारतो, कुठे चालायचं? जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला रिक्षा, हातगाड्या, दुकानाबाहेरचा माल. संध्याकाळी बुरख्यातली बाई एकटी झपाझप निघाली की तीन जण विचारणार, "सब खैरियत?" ती आठ दिवस गेली आणि थांबली. मी म्हटलं, आपा, दोरी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला झाडावर चढायला सांगतोय.

तिचं घर दीड खोलीचं. पलंग, कपाट, शिलाई मशीन, मुलांचं टेबल. दोरी फिरवायला जागा नाही. इमारतीला गच्ची आहे, पण तिला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे. आपाने मागितली. पहिलं उत्तर, टाकीचं पाणी घाण होतं. दुसरं, मुलं वर जाऊन सिगरेटी ओढतात. तिसरं कोणी तोंडावर बोललं नाही, दुल्हाभाईंच्या कानावर आलं, की बायका गच्चीवर उड्या मारणार आणि समोरच्या इमारतीतून दिसणार. तेव्हा आपा जे म्हणाली ते मला आवडलं. ती म्हणाली, "मी पापड वाळवायला, गाद्या टाकायला बारा वर्षं गच्चीवर जाते. तेव्हा मी कोणालाच दिसले नाही. दोरी हातात घेतली की लगेच दिसायला लागले?"

तिने मजल्या-मजल्यावर जाऊन चार बायका जमवल्या. दोघींना साखर होती, एकीला थायरॉइड, चौथीला फक्त घराबाहेर पडायचं होतं. अर्ज लिहिला, असर आणि मगरिबच्या मधला एक तास गच्ची बायकांसाठी उघडावी. मग कळलं की अर्जावर त्यांच्या सहीला अर्थ नाही, कारण फ्लॅट नवऱ्यांच्या नावावर, सभासद नवरे. म्हणून पाच नवऱ्यांनी सह्या केल्या. दुल्हाभाईंनी आधी. एक जण म्हणाला, सही करतो पण माझं नाव सांगू नका. सही कशी लपवणार, ते त्याचं त्याला माहीत. तुमच्यापैकी ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी घर घेताना दोघांचं नाव लावा, एवढं जाता जाता सांगतो.

किल्ली मिळाली. आपा बूट घालून वर गेली, मी पण गेलो होतो, दोरी माझीच. सत्तावीस वर्षांनी. पहिल्या उडीला अडकली, दुसऱ्या उडीला अडकली, आणि तिसऱ्या वेळी तिने सलग बारा मारल्या, न बघता, मनगटातून. मी दोन वर्षं यूट्यूब बघून जे शिकलो ते तिच्या हातात तसंच ठेवलेलं होतं. मग तिने दोरी खाली ठेवली आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी राहिली. मी काही बोललो नाही.

आठ महिन्यांनी तिचा आकडा ६.९ आला. गोळ्या चालूच आहेत, भातही कमी केला आहे, त्यामुळे श्रेय एकट्या दोरीला देणं बरोबर नाही. आणि सगळं छान चाललंय असंही नाही. जून लागला, गच्चीवर शेवाळ, घसरायची भीती, गच्ची बंद. पाचातल्या दोघी पुन्हा आल्याच नाहीत. समोरच्या इमारतीतून एक मुलगा मोबाइल धरून उभा राहिला तेव्हा दोन दिवस सगळ्याच खाली राहिल्या, मग एकीची सासू त्याच्या घरी जाऊन आली. कौशाला स्टेडियम आहे, ठाण्याला दादोजी कोंडदेव आहे. ती पोरांनी भरलेली असतात याचा मला आनंदच आहे. पण चाळिशीच्या बाईला तिथे जायला बस, वेळ आणि घरातली परवानगी, तिन्ही लागतात.

मुलांनी अजूनही दोरीला मुलींचा खेळ म्हणू नये म्हणून एक सांगतो. कुठल्याही बॉक्सिंगच्या हॉलमध्ये जा, पहिली गोष्ट दोरी. मुहम्मद अली दोरी मारायचा ती चित्रफीत बघा, पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही. आणि निखत झरीन आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जगज्जेती. तिच्या कपड्यांवरही नातेवाईक आणि शेजारी बोलले होते.

माझी भाची आता बारा वर्षांची आहे. ती आपाबरोबर गच्चीवर जाते आणि दोन्ही हात आडवे करून उलट्या फुलीच्या उड्या मारते, मला अजून जमत नाहीत. तिची दोरी कुठे ठेवायची यावर घरात अजून कोणी काही म्हटलेलं नाही. म्हणालं तर काय बोलायचं ते मी आणि दुल्हाभाईंनी ठरवून ठेवलं आहे.

बरं, जेवणाला अजून पंधरा मिनिटं आहेत. खुर्च्या जरा मागे सरकवा. ज्यांचा गुडघा दुखतो, ज्यांना चक्कर येते, त्यांनी बसून मोबाइलवर वेळ लावा. बाकीचे उभे राहा, चपला काढू नका, कोपरं बरगड्यांशी. हातात दोरी नाही, आहे असं समजा. खाली तळमजल्यावर कोणी झोपलंय असंही समजा. वीस सेकंद. मी म्हणेन तेव्हा थांबायचं, दम उरला असला तरी थांबायचं. तयार?